नवे इंग्रजी शब्द : समजून घ्या सगळे, वापरा मोजके

दहावीतली मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत असते, ‘पिक्चर मिड होता, पण तिने स्ले केलं यार, नो कॅप.’ शेजारी बसलेली आई रोज ऑफिसात इंग्रजीत बोलते, इंग्रजी वर्तमानपत्र वाचते. तरीही हे वाक्य तिच्या हाती लागत नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या मुलाला वर्गमित्र ‘आर्व्हो’त भेटू म्हणतात आणि त्याला ते एखाद्या कॅफेचं नाव वाटतं. कंपनीतल्या तरुण सहकाऱ्याचं एका शब्दाचं उत्तर येतं, ‘बेट’. हा होकार की पैज, हे विचारायचा संकोच वाटतो.

इंग्रजी येत असूनही इंग्रजी कळत नाही, हा अनुभव आता घरोघरचा आहे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेल्या पिढीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पिढीपर्यंत सगळ्यांना व्याकरण, स्पेलिंग आणि पत्रलेखन शिकवलं गेलं. बोलण्यातलं इंग्रजी ज्याचं त्याने उचललं. आणि आता हे बोलणं फोनच्या पडद्यावरून इतक्या वेगाने बदलतं आहे की उचलायलाही उसंत मिळत नाही. ही अडचण सोडवायला एक साधं सूत्र उपयोगी पडतं : नवे शब्द समजून घेणं ही सगळ्यांची गरज आहे, ते वापरणं ही प्रत्येकाची गरज नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की शिकणं सोपं होतं आणि फजितीही टळते.

आधी धास्ती सोडा

नव्या शब्दांनी भाषा बिघडते, ही तक्रार फार जुनी आहे. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा लेखक जोनाथन स्विफ्ट याने १७१० साली ‘टॅटलर’ या नियतकालिकात ‘मॉब’, ‘बँटर’, ‘शॅम’ अशा शब्दांवर कडक टीका केली होती. ‘मॉब’ म्हणजे एका लॅटिन शब्दप्रयोगाचं तोडून आखूड केलेलं रूप, आणि ही तोडफोड स्विफ्टला खपत नव्हती. आज तोच शब्द न्यायालयाच्या निकालपत्रातही येतो.

‘ओके’चा जन्मही असाच. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं घ्यायची, अशी एक टूम अमेरिकेत होती. त्यातून १८३९ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ओके’ छापून आलं. ‘ओएमजी’ हे तर आजच्या मुलांचं वाटतं, पण ते १९१७ साली ब्रिटिश नौदलातल्या लॉर्ड फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडतं. इंग्रजीने आपल्याकडूनही शब्द घेतले आहेत. ‘मंगूज’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘मुंगूस’वरून गेलेला आहे.

म्हणजे शब्द येत राहणारच. मात्र आलेले सगळे टिकत नाहीत. मेरियम-वेबस्टरसारखा शब्दकोश नवा शब्द घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहतो : तो पुरेशा ठिकाणी वापरला जातो का, बराच काळ टिकला का, आणि त्याला ठाम अर्थ आहे का. बहुतेक स्लँग या चाळणीतून खाली पडतं. म्हणून प्रत्येक नवा शब्द पाठ करायची गरज नाही. शब्द घडतात कसे, हे एकदा कळलं की अनोळखी शब्दाचाही अंदाज बांधता येतो.

शब्द घडवण्याच्या सहा रीती

पहिली रीत छाटणीची. ‘करिझ्मा’ या शब्दाचं डोकं आणि शेपूट काढून ‘रिझ’ उरलं. समोरच्याला आपल्याकडे ओढून घेण्याचं कसब, असा त्याचा अर्थ. काय सेनाट या इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणाऱ्या अमेरिकी तरुणामुळे तो पसरला आणि २०२३ साली ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. ‘सस्पिशस’चं ‘सस’ आणि ‘डिल्यूजनल’चं ‘डेलूलू’ याच वाटेने आले.

दुसरी जोडणीची. ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’ मिळून ‘ब्रंच’ हे १८९५ इतकं जुनं. ‘पॉडकास्ट’ २००४ सालचा, ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ यांतून आलेला. भुकेमुळे चिडचिड होणाऱ्याला ‘हँग्री’ म्हणतात, तोही असाच जोडशब्द.

तिसरी आद्याक्षरांची. ‘गदिमा’ आणि ‘अंनिस’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही रीत नवी नाही. काहीतरी हातचं निसटेल या धास्तीला ‘फोमो’ म्हणतात. पॅट्रिक मॅकगिनिस यांनी २००४ साली हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात तो शब्द वापरला. ‘गोट’ म्हणजे सर्वकाळातला सर्वश्रेष्ठ. चाहते एखाद्या फलंदाजाच्या फोटोखाली शेळीचं चित्र टाकतात, ते याच शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग शेळीच्या स्पेलिंगसारखं असल्यामुळे. तो अपमान नसतो, परमोच्च स्तुती असते.

चौथी अर्थ उलटवण्याची. ‘सिक’ म्हणजे आजारी, पण स्लँगमध्ये अफलातून. ‘फायर’ म्हणजे जबरदस्त. मराठीत वजनदार या अर्थाचा ‘भारी’ स्तुतीला लागला, ‘खतरनाक’ भीतीतून कौतुकाकडे आला. ही चाल आपल्या ओळखीची आहे. शब्दकोशातला पहिला अर्थ वाक्यात बसत नसेल तर उलटा अर्थ लावून पाहा.

पाचवी नामाचं क्रियापद करण्याची. ‘गुगल’ हे क्रियापद म्हणून २००६ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत नोंदलं गेलं. ‘घोस्ट’ म्हणजे भूत. काही न सांगता एखाद्याशी संबंध तोडून गायब होणं म्हणजे ‘घोस्टिंग’.

सहावी शेपूट जोडण्याची. १९७२ च्या ‘वॉटरगेट’ प्रकरणापासून इंग्रजीत कुठल्याही भानगडीला ‘गेट’ लागतं. आपल्याकडे ‘दादागिरी’वरून ‘गांधीगिरी’ झाली, त्याच धाटणीचं हे. सध्या ‘कोर’ आणि ‘मॅक्सिंग’ ही शेपटं जोरात आहेत. ‘कॉटेजकोर’ म्हणजे खेड्यातल्या साध्या घरासारखी मांडणी आणि राहणी; ‘लुक्समॅक्सिंग’ म्हणजे दिसण्यावर टोकाची मेहनत घेणं.

या सहांत न बसणारे शब्दही असतात. ‘सिक्स-सेव्हन’ हे त्याचं ठळक उदाहरण. स्क्रिला या रॅपरच्या गाण्यातून ते उचललं गेलं, मुलांनी त्याला हातवारे जोडले आणि डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ साली त्याला वर्षाचा शब्द केलं. त्याचा नेमका अर्थ विचारला तर कुणी सांगू शकत नाही, कारण त्याचं काम अर्थ सांगण्याचं नाहीच. ‘आम्ही एका गटातले’ हे सांगण्याचं आहे. यूट्यूबवरच्या एका मालिकेतून आलेलं ‘स्किबिडी’ही बरंचसं असंच आहे, २०२५ साली केंब्रिजच्या शब्दकोशाने ते घेतलं, पण त्याचा अर्थ प्रसंगानुसार बदलतो. अशा शब्दांच्या मागे अर्थासाठी धावू नये. हा वयाचा आणि मैत्रीचा शब्द आहे, एवढं ओळखलं की पुरे.

शब्दाचं घर ओळखा

‘हे इन्स्टाग्रामचे शब्द’ असं आपण म्हणतो, पण इन्स्टाग्राम हा त्यांचा रस्ता आहे, घर नव्हे. आजच्या अमेरिकी स्लँगचा फार मोठा भाग कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या इंग्रजीतून आला आहे. ‘कूल’ जाझ वादकांच्या वर्तुळातून पसरला. ‘नो कॅप’, म्हणजे खोटं नाही, हा हिपहॉपमधून. ‘शेड’ म्हणजे शालजोडीतला टोमणा आणि ‘स्ले’ म्हणजे बाजी मारणं, हे न्यूयॉर्कच्या ‘बॉलरूम’ मंडळींतून. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजातल्या समलिंगी व पारलिंगी लोकांनी आपल्यासाठी उभी केलेली ती स्पर्धांची आणि सोबतीची जागा होती.

‘वोक’ या शब्दाचा इतिहास माहीत असणं तर गरजेचंच आहे. लीड बेली या गायकाने १९३८ साली, खोट्या आरोपाखाली अडकवलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या स्कॉट्सबरो खटल्याबद्दल बोलताना, ‘जागे राहा’ या अर्थाने तो वापरला होता. जिवावरच्या धोक्याचा तो इशारा होता. आज तोच शब्द राजकीय वादात टोमणा म्हणून फेकला जातो. हे ठाऊक नसताना तो हसत वापरणारा माणूस कुणाला तरी दुखावून बसतो.

बाकीची घरं म्हणजे व्हिडिओ गेम आणि चाहत्यांचे गट. ‘सस’ २०२० साली ‘अमंग अस’ या खेळामुळे जगभर गेला. ‘एनपीसी’ म्हणजे खेळातलं संगणकाने चालवलेलं पात्र, आणि त्यावरून स्वतःचं डोकं न चालवणारा माणूस. ‘डेलूलू’ कोरियन पॉप संगीताच्या चाहत्यांकडून आला. ‘स्टॅन’ म्हणजे कट्टर चाहता, आणि त्यामागे रॅपर एमिनेमचं २००० सालचं त्याच नावाचं गाणं आहे. शब्द कुठल्या घरातून आला हे कळलं की तो गमतीचा, टोचणारा की जपून वापरायचा, याचा निम्मा उलगडा होतो.

अर्थ कसा शोधावा

अनोळखी शब्द भेटला की पुढचा क्रम उपयोगी पडतो.

१. शब्दाआधी वाक्य पाहा. बोलणारा खूश आहे की वैतागलेला? ‘कुक्ड’ म्हणजे शिजलेला. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलगा ‘आय अ‍ॅम कुक्ड’ म्हणाला तर त्याची वाट लागली आहे. ‘लेट हिम कुक’ म्हटलं तर मात्र ‘त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या, काहीतरी चांगलं निघेल’ असा विश्वास आहे. एकाच शब्दाची ही दोन टोकं शब्दकोशाआधी वाक्यच सांगतं.

२. किमान तीन वेगवेगळी वाक्यं शोधा. एका उदाहरणावर अर्थ ठरवू नका; ते उपरोधानेही लिहिलेलं असू शकतं.

३. दोन प्रकारचे स्रोत ताडून पाहा. अर्बन डिक्शनरी १९९९ साली आरन पेकम यांनी सुरू केली. तिथे कुणीही अर्थ लिहू शकतं, त्यामुळे ताजा शब्द तिथे लवकर सापडतो. पण थट्टा, शिवीगाळ आणि मनाने रचलेले अर्थही तिथे भरपूर आहेत. तिथला अर्थ मेरियम-वेबस्टर, केंब्रिज किंवा डिक्शनरी डॉट कॉमवर पडताळावा. मुलांना अर्बन डिक्शनरी एकट्याने चाळायला देऊ नये.

४. तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीचं स्लँग आज शिळं असू शकतं आणि शब्दाचा अर्थ मधल्या काळात घसरलेलाही असू शकतो.

५. तरीही कळलं नाही तर सरळ विचारा. ‘हा शब्द मला नवीन आहे, याचा अर्थ काय?’ हे वाक्य ऑफिसातही कमीपणाचं नाही. अंदाजाने उत्तर देऊन होणारी चूक त्याहून महागात पडते.

कामापुरते शब्द

खालचे शब्द आज तरुणांच्या बोलण्यात आणि बातम्यांत वारंवार येतात. एवढे ओळखीचे झाले तरी बराच पल्ला गाठला जातो.

पसंती-नापसंती : ‘मिड’ म्हणजे यथातथा. ‘एट’ म्हणजे कमाल केली. ‘डब्ल्यू’ म्हणजे जिंकलं, ‘एल’ म्हणजे हरलं. ‘इक’ म्हणजे आवडणाऱ्या माणसाच्या एखाद्या बारीक सवयीने अचानक मन उडणं.

खरं-खोटं : ‘कॅप’ म्हणजे थाप. मराठीत ‘टोपी घालणं’ म्हणजे फसवणं. दोन्हींचा संबंध नाही, पण लक्षात ठेवायला हा योगायोग कामी येतो. ‘बेट’ म्हणजे ‘ठरलं’, ‘चालेल’. ‘लो-की’ म्हणजे गाजावाजा न करता, थोडंसं.

नाती : ‘सिच्युएशनशिप’ म्हणजे प्रेमासारखं सगळं, पण नाव आणि बांधिलकी नाही असं नातं. ‘रेड फ्लॅग’ म्हणजे सावध करणारं लक्षण. ‘ब्रेडक्रंबिंग’ म्हणजे अधूनमधून एखादा गोड संदेश टाकून समोरच्याला नुसतं झुलवत ठेवणं. ‘पॅरासोशल’ हा केंब्रिजचा २०२५ चा शब्द : ज्या प्रसिद्ध व्यक्तीला आपण ओळखतही नाही तिच्याशी जवळचं नातं आहे असं वाटणं. तो समाजशास्त्रातून बोलीत उतरला.

फोन आणि मन : ‘डूमस्क्रोलिंग’ म्हणजे वाईट बातम्या एकामागून एक पाहत बसणं, २०२० च्या महामारीत हा शब्द सर्वतोमुखी झाला. ‘ब्रेन रॉट’ हा ऑक्सफर्डचा २०२४ चा शब्द, फुटकळ मजकूर सतत पाहून बुद्धीला येणारी सुस्ती; विशेष म्हणजे तो अमेरिकी लेखक थोरोच्या १८५४ सालच्या ‘वॉल्डन’मध्येही आहे. ‘रेज बेट’ हा ऑक्सफर्डचा २०२५ चा : लोकांना चिडवून प्रतिसाद वाढवण्यासाठी मुद्दाम टाकलेला मजकूर. हा शब्द कळला की वादग्रस्त व्हिडिओखाली रागाने लिहिण्याआधी हात थांबतो, आणि हा त्याचा खरा उपयोग.

काम आणि तंत्रज्ञान : ‘क्वाएट क्विटिंग’ म्हणजे नोकरी न सोडता, नेमून दिलं तेवढंच काम करणं. ‘हॅल्युसिनेट’ म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने खोटी माहिती ठामपणे सांगणं. ‘स्लॉप’ हा मेरियम-वेबस्टरचा २०२५ चा शब्द, अशा यंत्रांनी ढिगाने तयार केलेला टाकाऊ मजकूर. ‘वाइब कोडिंग’ हा संगणकतज्ज्ञ आंद्रे कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रूढ केला : आपण साध्या भाषेत सांगायचं आणि प्रोग्राम यंत्राकडून लिहून घ्यायचा.

मनाचे आजार आणि स्वस्त झालेले शब्द

एका गटाबद्दल वेगळं बोलायला हवं. ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या नाटकावरून आला. त्यातला नवरा बायकोला तिच्याच मनाबद्दल शंका यावी असे डाव रचतो. घरातले गॅसचे दिवे मंद होतात, ते तिला दिसतं, पण तो तिला ती वेडी होत चालल्याचं पटवत राहतो. म्हणजे गॅसलाइटिंग हा दीर्घकाळ चालणारा मानसिक छळ आहे. कुणी आपल्याशी असहमत झालं किंवा एकदा खोटं बोललं, तर ते गॅसलाइटिंग होत नाही.

‘ट्रॉमा’, ‘ओसीडी’, ‘नार्सिसिस्ट’, ‘टॉक्सिक’ यांचंही तेच. कपाट नीट लावणारी मुलगी ‘माझी ओसीडी’ म्हणते, तेव्हा त्या आजाराने दिवसाचे तास गमावणाऱ्या माणसाचं दुःख हलकं होतं. आणि जिचा खरोखर छळ होतो आहे, तिने ‘गॅसलाइटिंग’ म्हटलं तर ऐकणारा ते सवयीने सोडून देतो. हे शब्द घरात मुलांनी वापरले तर अर्थ समजावून सांगा, पण ‘उगाच नाटकं करू नकोस’ असं म्हणू नका. शब्द चुकीचा असला तरी त्यामागची तक्रार खरी असू शकते.

पूर्णविराम, टिंबं आणि इमोजी

नवी बोली शब्दांपुरती नाही. ग्रेचन मॅककलक या भाषाशास्त्रज्ञ लेखिकेने २०१९ च्या ‘बिकॉज इंटरनेट’ या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे. मोठी माणसं वाक्याच्या शेवटी सहज तीन टिंबं देतात. तरुणांना त्यांत नाराजी किंवा न बोललेलं काहीतरी दिसतं. एका शब्दाच्या उत्तरापुढचा पूर्णविराम त्यांना तुटक वाटतो. ‘ओके.’ आणि ‘ओके’ यांत त्यांच्या लेखी फरक आहे. नुसता अंगठा अनेकांना रुक्ष वाटतो. कवटीचं चित्र म्हणजे ‘हसून हसून मेलो’. ते पाहून घाबरू नये. परदेशातल्या नातवंडांशी मेसेजवरून बोलणाऱ्या आजी-आजोबांनी एवढं लक्षात ठेवलं तरी विनाकारण होणारे गैरसमज कमी होतील.

देश बदलला की शब्द बदलतो

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यांनी जगाचं स्लँग एकच आहे असं समजू नये. ‘पिस्ड’ ब्रिटनमध्ये दारू चढलेला, अमेरिकेत चिडलेला. ब्रिटनमध्ये ‘चीअर्स’ म्हणजे नुसतं ‘धन्यवाद’ही, ‘नॅकर्ड’ म्हणजे थकून गेलेला, ‘गटेड’ म्हणजे अतिशय निराश. ऑस्ट्रेलियात ‘आर्व्हो’ म्हणजे दुपार, ‘ब्रेकी’ म्हणजे नाश्ता, ‘सर्व्हो’ म्हणजे पेट्रोल पंप.

आपलं भारतीय इंग्रजीही तितकंच स्वतंत्र आहे. ‘प्रीपोन’ हा आपला कामाचा आणि नेमका शब्द, पण बाहेरच्यांना तो समजावून सांगावा लागतो. ‘आय पास्ड आउट इन २०२०’ म्हटलं तर अमेरिकी माणूस ‘बेशुद्ध पडलो’ असं ऐकतो. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं. मुलाखतीत यामुळे अर्थाचा घोळ होऊ शकतो, म्हणून जाण्यापूर्वीच ही सवय लावून घ्यावी.

कुठे वापरावेत, कुठे नाही

स्लँग म्हणजे गटाचं ओळखपत्र. गटाबाहेरच्याने ते गळ्यात घातलं तर ते लगेच कळतं. त्यामुळे पुढचे नियम पाळावेत.

अर्ज, बायोडेटा, तक्रारपत्र, निबंध आणि ग्राहकाला जाणारा ई-मेल यांत स्लँग नको. आयईएलटीएससारख्या परीक्षेच्या निबंधातही नको. तोंडी परीक्षेत सहज बोलणं चांगलं, पण नवे शब्द ओढून आणल्याने गुण वाढत नाहीत.

ऑफिसच्या गप्पांत समोरच्याने शब्द वापरला तर समजून घ्या. त्याच्याशी मोकळीक झाल्यावर हवा तर वापरा. वरिष्ठाने कनिष्ठांची भाषा ओढूनताणून बोलणं कुणालाच रुचत नाही.

दुसऱ्या समाजाच्या लढ्यातून किंवा वेदनेतून आलेले शब्द, विशेषतः वंशाशी आणि लैंगिक ओळखीशी जोडलेले, आपण बोलायचेच नाहीत असं ठरवणं सर्वांत सुरक्षित. गाण्यात ऐकला म्हणून शब्द आपला होत नाही. परदेशी वसतिगृहात अशा एका शब्दावरून मैत्री तुटू शकते आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

आणि मुलांशी बोलताना त्यांचेच शब्द वापरून जवळ जाण्याचा प्रयत्न करू नका. त्यांना आई-वडिलांनी ‘रिझ’ म्हणायला नको असतं. मुलं काय म्हणतात ते आई-वडिलांना कळावं, एवढंच त्यांना हवं असतं.

पालकांनी ओळखायचेच असे शब्द

काही शब्द न कळणं परवडणारं नाही. समाजमाध्यमांवर आत्महत्या, मृत्यू, लैंगिकता यांचे थेट शब्द लिहिले तर मजकूर दडपला जाईल, या समजुतीने मुलं पर्यायी शब्द घडवतात. ‘अनअलाइव्ह’ म्हणजे जीव घेणं किंवा जीव देणं. ‘केएमएस’ म्हणजे ‘मी जीव देईन’, आणि ‘केवायएस’ म्हणजे समोरच्याला ‘जीव दे’ असं सांगणं. मुलं हे पुष्कळदा सहज, वैतागाने लिहितात. तरीही दिसलं तर दुर्लक्ष करू नये. ‘केवायएस’ वारंवार येत असेल तर तो छळ आहे.

‘इनसेल’ म्हणजे मुली आपल्याला नाकारतात म्हणून त्यांच्यावर राग धरणारा, ‘रेड पिल’ म्हणजे स्त्रियांबद्दलचं ‘खरं’ आपल्यालाच उमगलं असा दावा, ‘अल्फा’ म्हणजे सगळ्यांवर वर्चस्व गाजवणारा पुरुष, ‘सिग्मा’ म्हणजे कुणाची पर्वा न करणारा एकांडा पुरुष. हे शब्द कधी निव्वळ मस्करीचे असतात, तर कधी मुलींविषयी तिरस्कार शिकवणाऱ्या मजकुराकडे नेणारे. २०२५ ची ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका याच विषयावर होती. त्यात साध्या दिसणाऱ्या इमोजींचा मुलांच्या जगातला अर्थ मोठ्यांना उशिरा कळतो. शब्द दिसला म्हणजे मुलगा बिघडला, असा निष्कर्ष मात्र काढू नका. तो काय पाहतो आणि त्याला त्यात काय पटतं, हे विचारा.

विचारण्याची रीत महत्त्वाची. फोन हिसकावून ‘हे काय लिहिलंस?’ म्हटलं की पुढचा शब्द तुम्हाला दिसणारच नाही. ‘हा शब्द मी पाहिला. तुमच्यात तो कशासाठी वापरतात?’ असं विचारलं तर मूल शिक्षकाच्या जागी येतं आणि बोलतं. उत्तर मिळाल्यावर लगेच उपदेश नको. खरी काळजी वाटली तर मदत घ्या : मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ वर आहे, मुलांसाठी १०९८ आहे, आणि ऑनलाइन धमकी किंवा पैशांची फसवणूक असेल तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे. हे तीन क्रमांक फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

सवय कशी लावावी

या सगळ्यासाठी वेगळा अभ्यास लागत नाही. एक वही किंवा फोनमधलं एक टिपण ठेवा. नवा शब्द, तो कुणी कुणाला म्हटला, आणि मराठीत आपण तिथे काय म्हटलं असतं, एवढ्या तीन गोष्टी लिहा. तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची. ‘मिड’साठी ‘यथातथा’, ‘बेट’साठी ‘ठरलं’, ‘कुक्ड’साठी ‘वाट लागली’ असं सुचलं की शब्द पक्का बसतो, आणि आपल्या भाषेतही त्याच तोडीचं किती काय आहे याची मुलांना ओळख होते. ‘नाद खुळा’ आणि ‘विषय हार्ड’ तयार करणारी भाषा बोलणारी मुलं आहेत ती. शब्द खेळवण्याची हौस त्यांना घरातूनच मिळाली आहे.

वर्षअखेरीस ऑक्सफर्ड, केंब्रिज, कॉलिन्स, मेरियम-वेबस्टर यांचे वर्षाचे शब्द जाहीर होतात. ते मोजके शब्द घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावेत आणि अर्थ मुलांना सांगू द्यावा. त्या यादीत त्या वर्षाची काळजी, राग आणि आनंद सापडतो. ज्यांचे हे शब्द आहेत त्यांचं म्हणणं कळावं म्हणून ते शिकायचे. स्वतः बोलताना मात्र आपल्याला शोभेल ती भाषा बोलावी, मराठी असो वा इंग्रजी.